केबिन उतरवायला येशील ना?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तराला आज बसतोय. हाताचं ग्रीस साबणानं जात नाही, तेव्हा कागदावर बोटं उमटली तर चालवून घे. 'जुना ट्रक घेतलास ते ठीक, पण रस्त्यावर कधी येणार?' असं तू विचारलंस. घरातले हे रोज विचारतात, निदान तू तरी नको विचारू.

दोरखंडानं ओढून आणला आणि त्याच रात्री मी पाने घेऊन बसलो. माझा स्वभाव तुला ठाऊक आहेच. दोन तासांत ग्रिल, दिवे, रेडिएटर, एका बाजूचं मडगार्ड, सगळं खाली. मोठा पराक्रम केल्यासारखा झोपलो. सकाळी बघतो तर एका डब्यात तीस-पस्तीस बोल्ट, आणि कुठला कुठे बसत होता ते काही कळेना. कुणाची लांबी वेगळी, कुणाचे आटे वेगळे. त्यांची वर्गवारी करण्यात पुढचे दोन दिवस गेले. आता आधी फोटो काढतो, मगच पाना लावतो. निघालेला बोल्ट जमेल तिथे त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवतो. उरलेले पिशवीत, वर चिठ्ठी. चिठ्ठीसुद्धा पेन्सिलीनं, कारण तेलाचा हात लागला की शाई पसरते.

तुला वाटलं असेल, मी रंगाची छटा निवडत बसलो असेन. रंग फार दूर आहे. आधी चासी, म्हणजे ट्रकचा खालचा लोखंडी सांगाडा, सरळ आहे की नाही हे बघायचं होतं, कारण वाकड्या चासीवर केलेली सगळी मेहनत वाया. त्यासाठी लागतो काय, तर ओळंबा आणि खडू. चासीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोरची भोकं धरायची, प्रत्येकातून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खूण करायची आणि मग खुणांमधले कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. माझा पहिला फरक आला २२ मिलिमीटर! जेवण गेलं नाही त्या रात्री. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की डावीकडे मी भोकाऐवजी शेजारचा रिव्हेट धरला होता. शिवाय टेपचं दुसरं टोक विटेखाली दाबलेलं, ती वीट सरकत होती. पुन्हा मोजलं, फरक ४ मिलिमीटर. एवढ्या वर्षांच्या ओझ्यानंतर तेवढा त्याला माफ.

इंजिन जाम होतं. सहा सिलिंडरचं, पेट्रोलचं. स्टार्टर मारून बघायचा मोह झाला होता, पण पिस्टनच्या गंजलेल्या रिंगा तशा ओढल्या तर सिलिंडरवर ओरखडे पडतात. प्लगच्या वायरींवर आधी नंबर घातले (१-५-३-६-२-४ या क्रमानं ठिणगी पडते, एक वायर इकडची तिकडे झाली तरी इंजिन खोकत बसतं), मग प्लग काढून प्रत्येक भोकात तेल सोडलं आणि गप्प बसलो. रोज संध्याकाळी क्रँकच्या बोल्टला लांब दांडा लावून थोडं पुढे, थोडं मागे. अकराव्या दिवशी दांडा करंगळीएवढा हलला. शेडमध्ये मी एकटाच ओरडलो.

मोकळं झाल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात किती दाब तयार होतो ते, मोजलं. चार सिलिंडर ठीक, दोन मेलेले. त्या दोघांत चमचाभर तेल घालून पुन्हा मोजलं. एकाचं वाढलं, म्हणजे तिथे रिंगा गेल्यात. दुसरं ढिम्म, म्हणजे वॉल्व्ह. हेड उघडायच्या आधीच एवढं समजतं, हे मला फार आवडलं.

ब्रेकचं मात्र सगळं नवीन टाकणार. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं; डॉट-३ प्रतीचं ताजं असताना त्याचा उकळबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस हवा, ओल धरल्यावर तो १४० पर्यंत उतरला तरी चालतो असं त्याचं प्रमाणच आहे. इथे तर तळाशी तपकिरी गाळ होता. रबरी नळ्या आतून फुगलेल्या, दाब जातो पण परत येत नाही, चाक धरूनच बसतं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती धूळ हवेनं उडवत नाही, ओल्या फडक्यानं पुसतो. आणि हो, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरत नाही, चासीखाली घोडे, म्हणजे लोखंडी स्टँड, लावलेत. आईला सांग, नाहीतर ती काळजी करत बसेल.

पण खरी गंमत वेगळीच आहे. हा ट्रक माझ्याआधी कितीजणांनी दुरुस्त केलाय! दाराखालच्या पट्टीवर लोहचुंबक चिकटेना म्हणून खरवडलं, तर बोटभर जाड पुट्टी, तिच्याखाली जाळी आणि जाळीमागे कोंबलेला कागद. पत्रा नावालासुद्धा नाही. त्या माणसाला मी मनसोक्त शिव्या घातल्या. मग चासी तारेच्या ब्रशनं घासताना एक जुनी चीर दिसली. कुणीतरी तिच्या टोकाला बारीक भोक पाडून तिची वाट अडवली होती आणि वरून पट्टी जोडली होती, तीही टोकांना तिरकी कापून, उभी नाही, म्हणजे ताण एका रेषेवर येऊ नये. इतकं नेटकं काम, तेही जिथे कुणी बघणार नाही तिथे. ती पट्टी मी काढणार नाही. हे दोघे एकाच गॅरेजात असते तर काय झालं असतं, असा विचार करत चहा गार झाला.

आता दाराखालची ती कुजलेली पट्टी कापायची आहे. त्याआधी दारं जागेवर ठेवूनच केबिनच्या आत आडवे लोखंडी अँगल ठोकून घ्यावे लागतील. नाहीतर पट्टी कापली की दाराची चौकट खचते आणि नंतर दार जन्मात लागत नाही. अँगल झाले की केबिन चासीवरून उतरवायची. वायरी सोडल्यात, स्टिअरिंगचा दांडा सुटलाय, चारपैकी तीन बोल्टही निघाले. मागचा उजवा तेवढा हट्टाला पेटलाय. आठवडाभर तेल पाजतोय.

चौघं लागतील, तिघं जमलेत. पुढच्या रविवारी ये. फेकायचे कपडे घालून ये आणि तुझा तो लांब दांड्याचा पाना आण. बोल्ट तापवायचा की सरळ कापायचा, ते तू बघून सांग. तापवायचं म्हटलं तर खालचं रबर जळेल, आणि कापायला माझा हात धजत नाही.

तुझा,
ग्रीसवाला