मॉन्ट्रियलचा बर्फ मिठाने जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की कॅनडातल्या बर्फाची छायाचित्रे मराठी वृत्तपत्रांत दिसू लागतात. खालची ओळ बहुधा ठरलेली असते: 'रस्त्यावर मीठ टाकून बर्फ वितळवण्याचे काम सुरू'. जानेवारीच्या सत्रासाठी इकडे येणारी मुले आणि त्यांना निरोप देणारे आईवडील हेच मनात धरून असतात. निदान मॉन्ट्रियलपुरते हे खरे नाही. इथे बर्फ उचलून नेतात. मिठाचे काम वेगळे आहे आणि थोडे आहे.

हिशेब करून पाहावा. १० मीटर रुंद, एक किलोमीटर लांब रस्ता घ्या. त्यावर १० सेंटिमीटर बर्फ पडला की तो १,००० घनमीटर होतो. ताजा बर्फ हलका, घनमीटरला साधारण १०० किलो. तरी त्या एका रस्त्यावर १०० टन झाले. आता मीठ. तापमान उणे १ अंश असेल तर एक किलो मीठ सुमारे ४६ किलो बर्फ वितळवते. उणे ७ ला तेच मीठ साडेआठ किलोच्या आसपास येते आणि उणे १२ ला जेमतेम पाच किलोवर. मॉन्ट्रियलमध्ये जानेवारीत उणे १२ ची रात्र काही विशेष नाही. त्या रात्री हा एक किलोमीटर निव्वळ मिठाने मोकळा करायचा तर २० टन मीठ ओतावे लागेल. प्रत्यक्षात एका मार्गिकेच्या किलोमीटरला शे-दोनशे किलो टाकतात.

तेवढ्याने काय साधते? बर्फ आणि डांबर यांच्यामध्ये खारट पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो, बर्फ रस्त्याला घट्ट धरत नाही आणि बर्फ सारणाऱ्या गाडीच्या, म्हणजे नांगराच्या, पात्याला तो खरवडून काढता येतो. पोळपाटावर पिठी भुरभुरतात ती पोळी चिकटू नये म्हणून. मिठाचे काम तेच. म्हणून ते बर्फ पडू लागताच किंवा नांगर फिरून गेल्यावर टाकायचे. वीत-वीत थरावर वरून फेकलेले मीठ वाया जाते. कोरडे खडे टणाटण उडून कडेला जातात, त्यासाठी बऱ्याच ठिकाणी ते २३ टक्क्यांच्या मिठाच्या पाण्याने ओले करून पसरतात. २३ च का? त्या प्रमाणातले मिठाचे पाणी सर्वांत उशिरा, उणे २१ अंशांना गोठते. मात्र ही झाली प्रयोगशाळेतली हद्द. रस्त्यावर उणे १० च्या खाली मीठ मंदावते आणि उणे १५ च्या पुढे जवळजवळ निरुपयोगी ठरते. मग बारीक खडी टाकतात. तिने कण बर्फही वितळत नाही, फक्त पायाला आणि टायरला पकड मिळते. तापमानही बघायचे ते रस्त्याचे, हवेचे नव्हे. पुलाखालून थंड वारा वाहतो, त्यामुळे पूल शेजारच्या रस्त्याआधी गोठतो.

आता उचलण्याबद्दल, कारण खरी कसोटी तिथे आहे. मॉन्ट्रियलमध्ये हिवाळ्यात दोन मीटरच्या आसपास बर्फ पडतो, आणि रस्ते-फूटपाथ मिळून मोकळी करायची लांबी सुमारे १०,००० किलोमीटर आहे. अडीच सेंटिमीटर साचला की नांगर निघतात. आधी मोठे रस्ते, रुग्णालये आणि शाळांचा परिसर, बसचे मार्ग, गल्लीबोळ शेवटी. नांगर बर्फ नाहीसा करत नाही, कडेला सारतो. डिसेंबरात सारलेला ढीग मार्चपर्यंत तिथेच राहतो. दोन-तीन वेळा असे झाले की दुहेरी रस्ता एकेरी होतो, रुग्णवाहिका अडते आणि अग्निशमन दलाचे नळ गाडले जातात. म्हणून १० ते १५ सेंटिमीटर साचला की बर्फ भरून नेण्याची मोहीम सुरू होते.

त्यासाठी आधी रस्ता गाड्यांपासून मोकळा हवा. कडेला नारिंगी पाट्या लागतात: सकाळी ७ ते संध्याकाळी ७ किंवा संध्याकाळी ७ ते सकाळी ७, गाडी उभी करू नये. यंत्रे येण्याआधी टोइंगची गाडी भोंगा वाजवत फिरते आणि राहिलेल्या गाड्या जवळच्या दुसऱ्या रस्त्यावर नेऊन ठेवते, दंड वेगळा. मग फूटपाथवरची छोटी यंत्रे तिथला बर्फ रस्त्यावर ढकलतात, ग्रेडर (लांब पात्याचे रस्ता सपाट करणारे यंत्र) त्याची लांबच लांब रास करतो आणि मागून येणारा स्नोब्लोअर ती रास गिळून शेजारून चालणाऱ्या ट्रकमध्ये फेकतो. ट्रक भरला की तो निघतो, दुसरा त्याची जागा घेतो, रांग थांबत नाही. (स्नोब्लोअर घडवणारा आर्थर सिकार इथल्याच क्वेबेक प्रांताचा. त्याने पहिले यंत्र १९२७ मध्ये उत्रमाँला विकले. ते तेव्हा मॉन्ट्रियलला लागून असलेले वेगळे गाव होते.) या साखळीत एकच गाडी आडवी राहिली तर ब्लोअर तिला वळसा घालतो आणि गाडीएवढा ढेकूळ मागे राहतो. दुसऱ्या दिवशी तो दगड झालेला असतो. घरासमोरचा बर्फ फावड्याने पुन्हा रस्त्यावर टाकणाऱ्यांमुळेही हेच होते. याला सरळ मनाई आहे, तरीही लोक टाकतात याचा संताप येतो.

उचललेला बर्फ जातो कुठे? पूर्वी तो सेंट लॉरेन्स नदीत लोटत. त्यात मीठ, तेल, खडी, कचरा सगळे असते, म्हणून ते बंद झाले. आता काही बर्फ ठराविक ठिकाणी मोठ्या गटारांत सोडतात, तिथल्या कोमट सांडपाण्यात तो विरघळतो. बाकीचा उघड्या जागांवर रचतात. त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे साँ-मिशेल भागातली फ्राँकाँ ही जुनी दगडखाण. तिथला ढीग भर उन्हाळ्यातही पुरता वितळलेला नसतो.

छायाचित्रांत कधीच न दिसणारा धोका बर्फ थांबल्यावर सुरू होतो. दुपारी तापमान शून्याच्या वर जाते, ढिगांतून पाणी झिरपते. रस्त्याकडेची गटाराची जाळी बर्फाखाली असेल तर ते पाणी साचते आणि रात्री त्याची काच होते. डांबराचा काळा रंग आरपार दिसतो, म्हणून माणूस बेसावध पाऊल टाकतो. त्याहून वाईट म्हणजे पाऊस पडून चार-सहा तासांत उणे १० होणे. पावसाने मीठ वाहून गेलेले असते आणि नवे टाकले तरी त्या थंडीत चालत नाही. अशा दिवशी रस्ते काळेभोर, कोरडे आणि फूटपाथ मात्र आरशासारखे, हे दृश्य वारंवार दिसते. गाड्यांच्या वर्दळीने आणि चाकांच्या घर्षणाने रस्त्यावरचे मीठ लवकर कामाला लागते. फूटपाथला ती मदत नाही. काठी घेऊन चालणारी आजी किंवा बाबागाडी ढकलणारी आई फूटपाथवरूनच जाते. शहराला गुण द्यायचे तर तिथे द्यावेत, असे मला अगदी मनापासून वाटते.

'मग मीठ आणखी टाका' हे उत्तर महागात पडते. मॉन्ट्रियलचा जुना शॅम्प्लेन पूल १९६२ मध्ये सुरू झाला. त्याची रचना खाऱ्या पाण्याचा मारा धरून केलेली नव्हती. ते पाणी कडेच्या काँक्रीटच्या तुळयांत मुरले, आतले पोलाद गंजले आणि २०१९ मध्ये शेजारी नवा पूल बांधून वाहतूक तिकडे वळवावी लागली. मिठातले क्लोराइड पाण्यातून आपोआप नाहीसे होत नाही. ओढ्यांत, तळ्यांत, भूजलात ते साठत जाते.

आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुले इकडे येत आहेत त्यांच्यासाठी थोडे कामाचे. गाडी घेणार असाल तर १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने बंधनकारक आहेत. 'इन्फो-नेज' हे महापालिकेचे ॲप फोनवर असू द्यावे, आपल्या रस्त्यावरचा बर्फ कधी उचलणार ते त्यात दिसते. या शहरात घराबाहेर लोखंडी जिने फार. ते आधी झाडावेत, मगच काही टाकावे. उणे १० पर्यंत साधे मीठ चालेल, त्याखाली कॅल्शियम क्लोराइड किंवा नुसती वाळू. पायरीवर गरम पाणी कदापि ओतू नये. ते बर्फ वितळवते आणि काही मिनिटांत स्वतःच गुळगुळीत थर होऊन बसते. मनालीला डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्या मंडळींनाही हे लागू आहे.

आणि आपल्याला एक विनंती. यापुढे असे छायाचित्र छापताना त्याखाली त्या दिवशीचे तापमान द्यावे. यंत्रातून पडते आहे ते मीठ की खडी, हे वाचकाला त्या एका आकड्यावरून बरेचसे ताडता येईल.

आपला,
एक वाचक, मॉन्ट्रियल (कॅनडा)