बिडाचा तवा आणि चार शिळे पाव

आंटी, सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलो की तुम्ही "पुरे हो मास्तर" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांसमोर. आता कुठला आवाज वाढवाल?

ही गेली त्याला सात महिने झाले. तेराव्यानंतर घर रिकामं झालं, पाववाला मात्र यायचा थांबला नाही. सकाळी सायकलचा भोंगा वाजला की मी सवयीने जिना उतरायचो आणि सहा पावांची लादी घेऊन वर यायचो. "आता तीनच दे" एवढं त्याला म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हटलं असतं तर त्याने कारण विचारलं असतं. दोन पाव चहाबरोबर जायचे, चार फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी त्यांची वीट झालेली असायची, मग ओला कचरा. तुम्हाला माझ्या घरची हालहवाल त्या कचऱ्याच्या बादलीवरूनच कळली. जिन्यात म्हणालात, "मास्तर, पाव टाकवतो कसा हो तुम्हाला?" मी दोन दिवस तुमच्यावर चिडून होतो.

त्याआधी मदतीला आलेले थोडेथोडके नव्हते. एका नातलग बाईंनी दुपारभर खपून हिच्या फडताळातले डबे 'सोयीचे' लावून दिले. मला अजून मोहरी सापडत नाही. हिचं पोळपाट 'चिरलंय' म्हणून मला न विचारता टाकून दिलं. भाच्याने अंड्याच्या सोप्या पदार्थांचे चाळीस व्हिडिओ पाठवले, पहिल्याच व्हिडिओत आवोकाडो. मुलाने तिकडून एअर फ्रायर पाठवला, तो खोक्यातच आहे. आणि "आता तुमचं कसं होणार?" असं विचारून उत्तराआधीच चपला घालणारे तर किती होते ते सोडाच. कुणाचं मन वाईट नव्हतं, मान्य आहे. पण प्रत्येकाला माझं स्वयंपाकघर ताब्यात घ्यायची घाई होती.

तुम्ही आलात त्या दिवशी तुमच्या हातात तुमचा तवा होता. बिडाचा, काळाभोर, एका बाजूला कान तुटलेला. मी म्हटलं, "आंटी, तवे आहेत की घरात." तुम्ही हळूच म्हणालात, "वहिनी अंडं करत नव्हत्या ना या तव्यांवर."

एवढंच. पुढे काही बोलला नाहीत. पंचवीस वर्षं आपण वर-खाली राहतो. ही अंडं घरात आणू द्यायची नाही आणि मी गाडीवर ऑम्लेट-पाव खाऊन, तोंडात बडीशेप टाकून यायचो, हे तुम्हाला ठाऊक होतं. (तिलाही होतं, हे मला फार उशिरा कळलं.) पण ती नसताना तिचा नियम पाळायचं माझ्याही डोक्यात आलं नसतं. तुम्ही तुमचा तवा शेगडीवर ठेवलात, हिच्या ओट्याला बोट लावलं नाहीत आणि दारात स्टूल टाकून बसलात. हात मांडीवर. सगळं मलाच करायला लावलंत.

दोन अंडी, जराशी हळद, मिरची, कांदा-कोथिंबीर, घोटभर दूध, त्यात कुस्करलेले शिळे पाव. "तुमच्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा करतात ना, त्यातलाच प्रकार," म्हणालात. टरफलाचा तुकडा भांड्यात पडला आणि मी बोटाने त्याच्यामागे धावत होतो, तेव्हा तुम्ही बसल्या जागेवरून म्हणालात, "अर्ध्या टरफलानेच उचला." उचलला गेला. पहिला डाव खालून करपला. तो तुम्ही तुमच्या ताटलीत घेतलात आणि वसईला तुमच्या आईने पाहुणे आल्यावर शिळ्या पावाचं काय काय केलं होतं ते सांगत बसलात.

मी आयुष्यभर मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. "फ्रीज पावाचा वैरी" हे तुमचं वाक्य ऐकून मात्र घरी जुनी पुस्तकं उघडली. खरंच आहे. भाजताना पाणी पिऊन फुगलेला स्टार्च थंड झाला की हळूहळू पुन्हा घट्ट रचला जातो, आणि फ्रीजच्या चार-पाच अंशांत हे बाहेरच्यापेक्षा लवकर होतं. साठ अंशांच्या पुढे तापला की ती रचना सैल पडते. अंड्यातलं पांढरंही साधारण तिथूनच आळायला लागतं. म्हणजे तव्यावर एक मऊ होतो तेव्हाच दुसरं घट्ट होतं. परवा मुद्दाम ताज्या पावाचं करून पाहिलं, तर निव्वळ लगदा. शिळा पाव अंडं-दूध पिऊनही अंग धरून राहतो. फ्रेंच लोक अशा गोड पदार्थाला 'हरवलेला पाव' म्हणतात. तुम्ही वेलची-साखर घालून शिकवलंत तोच. बुरशी आलेला मात्र मी टाकतोच, त्याबद्दल जिन्यात बोलू नका.

माणसाकडे चांगुलपणा असतो, पण कुठे थांबायचं हे कळणारा चांगुलपणा मला फारसा भेटलेला नाही. शाळेत तर नाहीच. तिथे मीही पोरांच्या हातातली परीक्षानळी ओढून घेऊन "असं धरायचं" म्हणत आलो. त्या पोरांची आता माफी मागावीशी वाटते.

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तुम्ही लेकीकडे गेलात त्याला तीन आठवडे झाले. मी अजून अख्खी लादीच घेतो. आता चार पाव उरावेत म्हणून घेतो, कापडात बांधून बाहेरच ठेवतो. मोहरीचा शोध चालू आहे. तुमचा तवा माझ्याकडे आहे, खिडकीशेजारी वेगळा. साबण लावलेला नाही, तेलाचा हात फिरवून ठेवलाय. जिना चढता आला की न्यायला या. मी खाली आणून देणार नाही.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा मास्तर