ग्रँट वर आले, कारण इतिहासकार बदलले

महोदय,

अमेरिकी अध्यक्षांची गुणानुक्रमे यादी आपल्या अंकात वाचली. लिंकन पहिले आणि बुकॅनन शेवटचे, यात नवल नाही. पण विसाव्या स्थानावरचे युलिसिस ग्रँट (अध्यक्ष १८६९ ते १८७७) तिथवर कसे पोचले, हे लेखात यायला हवे होते.

आर्थर श्लेसिंजर (थोरले) यांनी १९४८ मध्ये अभ्यासकांची मते घेऊन अशी पहिली यादी केली. तीत ग्रँट शेवटून दुसरे होते. 'सी-स्पॅन' वाहिनीच्या २०००च्या पाहणीत ते ३३वे, २०२१ मध्ये २०वे. ग्रँट वारले १८८५ मध्ये. त्यांचा कारभार होता तसाच राहिला, पाहणारे बदलले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोलंबिया विद्यापीठातले विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य सांगतील तो इतिहास, अशी स्थिती होती. गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार दिला हीच चूक, असे ही मंडळी मानत. मग तो अधिकार लष्कर पाठवून राखणारे ग्रँट त्यांना कसे रुचावेत? ग्रँट यांच्या कारकिर्दीतला व्हिस्की करचुकवेगिरीचा घोटाळा खराच, तो झाकायचे कारण नाही. पण याच ग्रँट यांनी १८७१ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पस (अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क) स्थगित करून कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेच्या शेकडो लोकांना अटक करवली. घोटाळा पाठ्यपुस्तकांत ठळक राहिला, ही कारवाई मागे पडली. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाने १९३५ मध्येच डनिंग यांची मांडणी खोडून काढली होती. विद्यापीठांनी ड्यू बॉइस यांचे म्हणणे मनावर घेतले ते नागरी हक्कांच्या चळवळीनंतर. याचे मला फार वाईट वाटते.

उलट वुड्रो विल्सन १९४८ मध्ये चौथे होते, २०२१ मध्ये तेरावे. सरकारी कचेऱ्यांत त्यांनी वर्णभेद वाढू दिला, याचा हिशेब उशिरा झाला.

ग्रँट सत्तेवर असतानाच, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्या लढ्याचे मोल पुण्यात बसून त्यांना कळले होते.

'सी-स्पॅन'च्या पाहणीत दहा निकष असतात, त्यांत 'सर्वांना समान न्याय' हाही एक आहे. पुढच्या वेळी यादीशेजारी हे निकष आणि पाहणीचे वर्ष जरूर छापावे, ही विनंती.

– इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक, सातारा