धुरावलेल्या भांड्यांसाठी हक्काची जागा हवी

संपादक महोदय,

बेलापूर, नेरूळ आणि ठाणे परिसरातील अनेक हौशी कलाकार हाताने घडवलेली मातीची भांडी सोसायटीच्या गच्चीवर किंवा आवारात धुरावून काळी करतात आणि शेजारी त्याला कचरा जाळणेच समजतात. शेजाऱ्यांना दोष देता येणार नाही, कारण धूर खिडकीतून आत येतो तेव्हा तो कशाचा आहे, हे कोणी विचारत बसत नाही. तरीही त्यामुळे ही कलाच बंद पाडणे मला अन्यायाचे वाटते.

या पद्धतीत एकदा भाजलेले, झिलई (काचेसारखा लेप) न दिलेले भांडे लाकडाच्या भुशात पुरून भुसा वरून पेटवतात. झाकण ठेवल्यावर तो तासन्‌तास धुमसत राहतो, अपुऱ्या हवेमुळे कार्बन मातीच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतो आणि आधीच दगडाने घोटलेल्या पृष्ठभागावर खोल काळी चमक येते. जिथे हवा पोहोचते, तिथे मातीचा तांबूस रंग टिकतो. उत्तर प्रदेशातील निजामाबादच्या ज्या काळ्या भांड्यांना २०१५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचा रंगही धुराचाच आहे.

राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली, ती योग्यच आहे. म्हणूनच कलाकारांनी गच्च्या सोडाव्यात आणि सिडकोने बेलापूरच्या अर्बन हाट या हस्तकला बाजारात, तर ठाणे महापालिकेने वस्तीपासून दूर, एखादा कोपरा ठराविक दिवशी उपलब्ध करून द्यावा. तिथे झाकणाचे लोखंडी पिंप, पाणी व वाळू हाताशी असावी. भुसा कोरड्या, साध्या लाकडाचाच असावा. प्लायवूडचा किंवा रंगवलेल्या फर्निचरचा भुसा चालवून घेऊ नये, कारण त्यातील डिंक आणि रंग जळताना विषारी वायू निघतात. हिवाळ्यात सकाळी धूर जमिनीलगत साचून राहतो, तेव्हा पेटवण्यास मनाई असावी.

विक्रीबाबतही एक अट घालावी. धुरामुळे छिद्रे बुजत नाहीत, भांडे पाझरते. त्यामुळे ते शोभेसाठीच आहे, पाणी किंवा अन्न ठेवण्यासाठी नाही, अशी चिठ्ठी प्रत्येक भांड्यावर लावणे बंधनकारक करावे.

– एक वाचक, सीबीडी बेलापूर, नवी मुंबई