अचानक आलेली कळ आणि बाईचे दुखणे

महोदय,

महाधमनीचे (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचे) आतले अस्तर हृदयाजवळ फाटले की उपचारांविना सुरुवातीला दर तासाला मृत्यूचा धोका १ ते २ टक्क्यांनी वाढतो, असे पूर्वीपासून मानले जाते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदींत शस्त्रक्रियेनंतर दगावण्याचे प्रमाण स्त्रियांत ३२, तर पुरुषांत २२ टक्के होते. स्त्रियांचे वय जास्त, निदानही उशिरा. (नंतरच्या काही अभ्यासांत ही दरी कमी दिसते, हे मान्य.) अस्तर फाटले की पाठीत सुरी खुपसल्यासारखी कळ येऊ शकते; अशी कळ आलेल्या बाईला ‘पित्त असेल, पडा जरा’ म्हणून निजवतात, याची चीड येते. शिवाय महाधमनी फुगून तिचा व्यास साडेपाच सेंटिमीटर झाला की फाटण्याआधीच शस्त्रक्रिया, हा जुना निकष लहान चणीच्या बाईलाही तोच कसा? उंचीचा हिशेब धरायलाच हवा. आणि अशी कळ आली, तर सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) लगेच करा.

– एक वाचक