वहीतला कोरा रकाना

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलायचा दोनदा प्रयत्न केला. बाबा विषय बदलतात, आणि आई, तू लगेच "जेवलीस का" विचारतेस. म्हणून लिहिते आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा.

चवथीला आले होते तेव्हा बाजारातून परतताना पाखाडीच्या पायऱ्यांवर बाबा तीनदा थांबले. पहिल्यांदा चपलेचा अंगठा नीट करायला, दुसऱ्यांदा शेजाऱ्यांच्या माडाला किती धरलंय ते बघायला. तिसऱ्यांदा काही निमित्तही शोधलं नाही, गडग्याला हात टेकून नुसते उभे राहिले. कपाळावर घाम होता. विचारलं तर म्हणाले, "गॅस झालाय." घरी येऊन ओवा खाल्ला. आई, तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि आत निघून गेलीस. म्हणजे तुलाही कळलं होतं.

बाबा, आईची किडनी तुम्हाला बसवली त्या ट्रान्सप्लांटला सहा वर्षं झाली. तुमच्या निळ्या वहीत किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आहे, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घेता त्या टॅक्रोची (टॅक्रोलिमसची) रक्तातली लेव्हल आहे, वजन आहे. क्रिएटिनिन १.२ चं १.४ झालं की तुम्हाला रात्रभर झोप नसते. त्याच वहीत बीपीचा रकाना महिनाभर कोरा होता, आणि धाप लागते याबद्दल तर एक अक्षर नाही. पण किडनी बसवलेली माणसं दगावतात तेव्हा पुष्कळदा ती नवी किडनी ठणठणीत चालू असते, आणि हृदय बंद पडलेलं असतं. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

ही झीज नव्या किडनीने आणलेली नाही, ती त्याच्या आधीपासूनची आहे. किडन्या निकामी होत असताना कित्येक वर्षं बीपी चढलेलं होतं, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचत होतं. मग डायलिसिसची दोन वर्षं, दोन खेपांच्या मध्ये अंगात साठणारं पाणी. हे सगळं ओढून हृदयाचा डावा कप्पा जाड होतो. ट्रान्सप्लांटनंतर बऱ्याच जणांचा तो सुधारतोही, पण झालेलं सगळं पुसलं जात नाही. त्यावर औषधांचा भार. टॅक्रोलिमसने बीपी आणि साखर वाढू शकते, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने साखर, वजन, कोलेस्टेरॉल. तुमची साखर ट्रान्सप्लांटनंतरच निघाली, आठवतंय ना? सकाळी स्टेरॉइड घेतलं की तिचा चढ दुपारनंतर दिसतो. उपाशीपोटीची साखर चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नका. आणि साखर असलेल्या माणसाच्या छातीत दुखेलच असं नाही. नुसती धाप, घाम, पोटात अस्वस्थ वाटणं, एवढ्यावरही हार्ट अटॅक येऊन जातो. तुमच्या "गॅस"ची मला भीती वाटते ती यामुळे.

हे वाचून एकही गोळी कमी करायची नाही. टॅक्रो आणि स्टेरॉइड डॉक्टर सांगतील तसंच चालू राहील. एकही डोस चुकवायचा नाही.

तुम्ही तपासणी का टाळता ते मला आईने सांगितलं. इको केला की अँजिओग्राफी, अँजिओग्राफी केली की रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात त्या डायने आईची किडनी जाणार, असं तुमच्या मनात बसलंय. बाबा, तुमची भीती खोटी नाही. डायचा किडनीला त्रास होऊ शकतो. पण ईसीजी आणि टूडी इकोमध्ये डाय नसतो, इको म्हणजे नुसत्या ध्वनिलहरी. पुढे अँजिओग्राफी लागलीच तर किडनीचे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतात, डाय कमीत कमी वापरतात, आधी शरीरात पुरेसं पाणी आहे ना ते बघतात. उलट विचार करा. हृदयातून निघालेल्या रक्तातला जवळजवळ पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. हृदय थकलं तर आईची किडनी सुकणार. तुम्ही जिच्यासाठी तपासणी टाळताय, तिलाच त्याचा फटका बसेल.

गावातल्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी टॅक्रो चालू आहे हे आधी सांगा. हृदयासाठी, बीपीसाठी देतात त्यातल्या डिल्टियाझेमसारख्या गोळ्यांनी टॅक्रोची लेव्हल एकदम वर जाते. गणपतीवरच्या माटवीला बांधलेलं पपनस नंतर सोलून खायचं नाही, त्यानेही तेच होतं. काकूंनी "हृदयाला चांगलं" म्हणून दिलेलं कमी सोडियमचं मीठ परत करा. त्यात पोटॅशियम असतं, आणि टॅक्रोवर असताना पोटॅशियम आधीच वाढलेलं असू शकतं. साधंच मीठ, पण दोघांच्या पानात मिळून दिवसाला दोन चमचे चहाचे, त्याहून जास्त नको. खारा बांगडा आणि लोणचं यांचं मला वाईट वाटतं, बाबा, खरंच वाटतं. तुम्हाला पेजेबरोबर ते किती लागतं ते मी लहानपणापासून बघितलंय. पण ताज्या बांगड्याचं तिखलं आईच्या हातचं असेल तर मीठ निम्मं पुरतं.

बीपी रोज उजव्या हाताला, पाच मिनिटं शांत बसून घ्या. १३०/८० च्या आत हवं. डायलिसिससाठी डाव्या हातात रक्तवाहिन्या जोडून केलेल्या फिश्चुलावर पट्टा लावायचा नाही. ती अजून जोरात थरथरते, तिच्यातला प्रवाह फार असेल तर हृदयाला जादा काम पडतं, हेही डॉक्टरांना विचारू. पुन्हा धाप लागून घाम आला, तर ओवा नको. मला नंतर फोन करा, आधी रिक्षा बोलवून दवाखान्यात जा.

आई, आता तुझं. किडनी दिलेल्या माणसाने दर वर्षी बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन बघायचं असतं. तुझे शेवटचे रिपोर्ट मी शोधले, ते दोन वर्षांपूर्वीचे आहेत. बाबांच्या फाइलमागे तुझी फाइल दबली होती. गुडघ्यासाठी ती दुखण्याची गोळी घेतेस ना, ती तुलाही नको आणि त्यांना तर नकोच.

पुढच्या महिन्यात मुंबईला याल त्याच्या आधी दोन दिवस या, माझ्याकडे राहा. ओपीडीत पाखाडीची गोष्ट बाबांनी स्वतः सांगायची, मी शेजारी बसेन. वही आणा. आणि आई, त्या सकाळी तूही उपाशीपोटी चल, तुझंही रक्त द्यायचंय.

तुमची,
बायो