नांगर आणि हातभर तार

चि. बायोस,

अनेक आशीर्वाद.

फोन आला तेव्हा मी धक्क्यावर होतो. वाऱ्यात तुझं निम्मं बोलणं ऐकूच आलं नाही, म्हणून रात्री निवांत लिहायला बसलोय. बोललेलं वाऱ्यावर जातं, कागद हाताशी राहतो. हा कागद होडीत नकाशांच्या खणात ठेव.

तू आणि जावयांनी मिळून होडी घेतलीत, दिवाळीनंतर मुंबईहून निघून बंदर करत करत गोव्याला जाणार, हे ऐकून मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही. आईला विचार, ती सांगेल. शिडांबद्दल तू पुष्कळ विचारलंस, इंजिनाबद्दलही विचारलंस. नांगराबद्दल मात्र एकच वाक्य बोललीस, "होडीबरोबर जुना नांगर आलाय बाबा, चालेल ना?" तेवढ्यावरून मी त्या रात्री जागा राहिलो.

नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या होडीवरच्या सहा मुलींनी २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हापासून तुझ्या डोक्यात हे वेड आहे, मला माहीत आहे. पण एक ध्यानात घे. महासागर ओलांडणाऱ्याला नांगर महिनोन्‌महिने लागत नाही, खाली पाणीच हजारो मीटर असतं. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्याला तो रोज संध्याकाळी लागतो. तुम्हाला मुरुड, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड अशा ठिकाणी प्रत्येक रात्र नांगरावर काढायची आहे. शीड फाटलं तर इंजिन आहे, इंजिन बंद पडलं तर शीड आहे. रात्री दोन वाजता तुम्ही दोघं झोपेत असताना फक्त नांगर आहे.

तू पाठवलेल्या फोटोत नांगराच्या दांड्याला बिजागरीसारखा सांधा दिसतो. तो सीक्यूआर. १९३३ साली जी. आय. टेलर यांनी तो काढला. प्रवाहांच्या गणितात तू त्यांचं नाव वाचलं असशील, ते स्वतः शिडाची होडी चालवायचे. त्या काळात हा नांगर फार मोठी सुधारणा होती आणि पुढची पन्नास वर्षं लोक त्याच्या भरवशावर जग फिरले. त्याला मी नावं ठेवणार नाही. पण आपल्या भाषेत शेतातलाही नांगर आणि समुद्रातलाही नांगर, आणि हा सीक्यूआर दिसतोही शेतातल्या नांगरासारखा. शेतातल्या नांगराचं काम जमीन चिरत पुढे जायचं. समुद्रातल्याने एकदा घुसल्यावर जागचं हलता कामा नये. मऊ चिखलात जोराची ओढ लागली की सीक्यूआर पुष्कळदा शेतातल्यासारखाच वागतो, सावकाश चर पाडत मागे येत राहतो.

आणि आपल्या खाड्यांत चिखलच आहे. त्यातून आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी परदेशी पुस्तकं वाचून लक्षात येत नाही. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, म्हणजे खाडीत होडी चोवीस तासांत चार वेळा तोंड फिरवते. हिवाळ्यात दुपारी वायव्येचा खारा वारा, पहाटे जमिनीवरून मतलई. दुपारी पश्चिमेकडे तोंड करून घट्ट धरलेला नांगर पहाटे उलट्या बाजूने ओढला जातो, उपटतो, आणि त्याला पुन्हा स्वतःहून रुतावं लागतं. तेव्हा तुम्ही झोपलेले असता. म्हणून तुझ्यासाठी नांगराची पहिली परीक्षा हीच, उपटला तर माणसाच्या मदतीशिवाय परत रुततो का? नवीन पिढीचे नांगर इथे खरोखर उजवे आहेत. त्यांचा फाळ खोलगट, फावड्यासारखा असतो. काहींच्या टोकात वजन भरलेलं असतं, जसा फ्रान्सचा स्पेड. काहींना पाठीवर अर्धगोल कडं असतं, जसा न्यूझीलंडचा रॉक्ना. कसाही पडला तरी तो कुशीवर वळतो आणि टोक खाली घालतो.

कड्याचा घे किंवा बिनकड्याचा, ते होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, ठरवेल. घेण्याआधी एक काम कर. कंपनी मापं देते, त्यावरून प्लायवुडचा नांगर कापून घे, अगदी पूर्ण आकाराचा, दांड्यासकट. तो नाळेच्या रोलरवर ठेवून आतबाहेर करून बघ. कडं पुढच्या कठड्याला अडतं का, टोक होडीच्या अंगाला घासतं का, पुढचं शीड गुंडाळण्याच्या ड्रमला लागतं का, सगळं दिसेल. प्लायवुडला थोडेच पैसे जातील. नांगर एकदा बाहेरून मागवला की परत करता येत नाही.

वजनाचं म्हणशील तर तुमच्या तेहतीस फुटी, साडेपाच-सहा टनांच्या होडीला तक्ते पंधरा किलोचा सांगतात. तू वीसचा घे. तक्ता करणाऱ्याने कुठला वारा धरलाय ते आपण बघितलेलं नसतं, आणि वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते. मुंबईच्या दारूखान्यात, जहाजांच्या भंगार बाजारात, हुबेहूब तसेच नांगर वेल्ड करून मिळतात, असं जावई म्हणाले. दारूखान्यावर माझं प्रेम आहे, निम्मी हयात मी तिथून कप्प्या आणि दोर आणले. पण नांगर तिथून नको. खऱ्या नांगराचा दांडा उच्च प्रतीच्या पोलादाचा असतो. साध्या लोखंडाचा दांडा बाजूच्या ओढीला वाकतो, आणि होडी वळताना ओढ बाजूनेच लागते.

साखळी तू दहा मिलिमीटरची म्हणालीस. आठची पुरे. चांगल्या आठच्या साखळीला तुटायला तीन टनांहून जास्त ओढ लागते. पन्नास मीटर साखळी आठची घेतलीस तर सत्तर किलो भरते, दहाची एकशे दहाच्या वर जाते. ते चाळीस किलो नाळेत ठेवलेस तर होडी प्रत्येक लाटेत नाक खुपसेल. त्याच्या बदल्यात पाच किलो नांगरात घाल, तिथे ते कामाला येतात. साखळीपुढे चाळीस मीटर तीन पेडांचा नायलॉनचा दोर जोड, चौदा किंवा सोळा मिलिमीटरचा. नायलॉनच घे, तो ताणतो आणि धक्का गिळतो. बाजारात स्वस्त मिळणारा निळा-हिरवा प्लास्टिकचा दोर पाण्यावर तरंगतो, पंख्यात जातो आणि उन्हात कुजतो.

किती साखळी सोडायची याचा हिशेब पाठ कर. जयगडला ओहोटीला चार मीटर पाण्यात थांबलीस. भरतीला पाणी आणखी अडीच मीटर चढेल असं धर. तुमची नाळ पाण्यापासून सव्वा मीटर उंच. हे लोक विसरतात. झाले पावणेआठ मीटर. त्याच्या पाचपट म्हणजे जवळजवळ चाळीस मीटर साखळी बाहेर. वारा वाढणार असेल तर सातपट, चौपन्न, म्हणजे सगळी साखळी आणि थोडा दोर. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, गोव्याकडे दोनच्या आसपास, म्हणून प्रत्येक बंदराला आकडा नवा. साखळी लांब का, तर ओढ आडवी लागावी म्हणून. आडव्या ओढीने नांगर खोल जातो, वरच्या ओढीने निघतो. आपण नांगर काढताना होडी त्याच्या डोक्यावर आणतो, ती याचसाठी.

आता शॅकल, म्हणजे नांगर आणि साखळी जोडणारं पिनेचं कडं. इथे मला थोडं मागे जावं लागतं.

१९७४ साली मी एकोणीस वर्षांचा होतो, काकांच्या मचव्यावर, मालाच्या शिडाच्या होडीवर. कौलं भरून मुंबईकडे चाललो होतो आणि रात्री एका खाडीच्या तोंडाशी थांबलो. आदल्या दिवशी काकांनी नांगराचं शॅकल बदलायला मला सांगितलं होतं. मी बदललं, पिन हाताने आवळली, वर मोगरीने एक ठोका दिला. तार बांधायची राहिली. जेवायला हाक आली होती आणि मला वाटलं, उद्या बांधू. नांगर रात्रभर होडीबरोबर डावीउजवीकडे फिरत असतो, आणि त्या फिरण्याने पिन एकेक आटा मोकळी होत जाते. पहाटे ओहोटीचा जोर लागला आणि मचवा सुटला. मी धावत जाऊन दोर ओढायला घेतला. नांगर निसटलाय हे मला डोळ्यांनी कळलं नाही, हातांनी कळलं. दोर हलका लागत होता. शेवटी साखळीचा तुकडा वर आला, त्याचं शेवटचं कडं रिकामं, पाणी गळत होतं. वीसेक मिनिटांत आम्ही खडकावर होतो. चौघंही पोहून निघालो. मचवा गेला. काका मला एक शब्द बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पुढे त्यांनी मचवा घेतला नाही. मी जहाजांवर गेलो, सारंग होऊन निवृत्त झालो, पण माझ्या हाताखालच्या एकाही खलाशाने तार न बांधलेलं शॅकल पाण्यात सोडलं नाही.

म्हणून सोबत दोन गॅल्वनाइज्ड शॅकल आणि हातभर तार पाठवतोय. पिनेच्या आट्यांना ग्रीस लाव, खिळ्याने गच्च आवळ, मग पिनेच्या भोकातून तार ओवून शॅकलच्या अंगाभोवती दोन फेरे घाल आणि पिळून टोकं आत दाब, नाहीतर हात फाटतील. चकचकीत स्टीलचं शॅकल दिसायला छान, पण त्याला भेग आतून जाते, बाहेरून कळत नाही. साध्या लोखंडाचं झिजलं की निदान दिसतं. नांगर आणि साखळीमधली फिरकी शक्यतो लावूच नको.

होडीवरचं बसवणं मिस्त्री करेल, पण तू शेजारी उभी राहा. रोलर आणि खुंट्यांच्या खाली, डेकच्या आतल्या बाजूला, जाड पट्टी बसवली आहे का ते टॉर्च लावून स्वतः बघ. नुसत्या वॉशरवर बोल्ट आवळलेले असतील तर जोराच्या ओढीला खुंटी डेकचा तुकडा घेऊन निघते. साखळी ओढायचं विजेचं यंत्र उचलण्यासाठी आहे, रात्रभर होडी धरून ठेवण्यासाठी नाही. नांगर पडला की आठ-दहा मीटर नायलॉनचा दोर आकड्याने साखळीला लाव, दुसरं टोक खुंटीला बांध आणि यंत्रावरची साखळी ढिली सोड. मग झोपेत तुम्हाला साखळीचा खडखडाटही ऐकू येणार नाही.

साखळीपुढच्या दोराचं आतलं टोक होडीला शॅकलने जोडू नकोस. ते नुसतं बांध, म्हणजे सगळी साखळी बाहेर गेल्यावर दोर डेकवर येईल. कधी एखादं जहाज अंगावर आलं, कधी नांगर निघेचना, तर सुरीने कापून मोकळं होता आलं पाहिजे. सुरी तिथेच, नाळेजवळ.

दुसरा नांगर हवाच. सीक्यूआर टाकून देऊ नको, पण चिखलासाठी सपाट दोन पात्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा फोर्ट्रेस मिळाला तर घे. त्याच्या पात्यांचा कोन वाळूला ३२ आणि चिखलाला ४५ अंश असा बदलता येतो. हलका आहे, तू एका हाताने डिंगीत, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीत, ठेवशील.

मालवणला मात्र वेगळं. तिथे तळ खडकाचा, मधे मधे वाळू, आणि पोवळंही आहे. १९८७ पासून तिथे समुद्री अभयारण्य आहे. पाण्यात डोकावून वाळूचा पांढरा पट्टा सापडल्याशिवाय नांगर टाकू नका. स्थानिक होडीवाल्याला विचारायला लाजू नका, त्याच्या आज्यापणज्यापासून त्याला तळ माहीत असतो.

टाकताना घाई नको. नाळ वाऱ्याकडे, होडी पूर्ण थांबू दे, मग नांगर तळाला टेकव. होडी मागे जाईल तशी साखळी दे, एकदम ढीग ओतू नको. सगळी गेली की जरा थांब, चिखलात नांगराला बसायला वेळ लागतो. मग इंजिन हळूहळू मागे लाव. रोलरच्या पुढे ताणलेल्या साखळीवर तळहात ठेव. धरलेला नांगर असेल तर नुसता ताण लागेल, आणि सरकत असेल तर हातात थरथर येईल, खडीवरून बैलगाडी चालल्यासारखी. किनाऱ्यावरची दोन झाडं एका रेषेत धरून ठेव, ती रेष मोडली नाही की जेवायला बस. मोबाइलवरची धोक्याची घंटा लाव, पण झाडं आधी.

आईने कुळथाचं पीठ आणि आमसुलं त्याच खोक्यात घातली आहेत, तारेला वेगळी पिशवी केलीय. तुमच्या यंत्राच्या चाकावर साखळीचं माप कोरलेलं असेल, ते वाचून कळव. रोलरच्या दोन गालांमधलं अंतरही मोज, आतून आतून, मिलिमीटरमध्ये. पाठवलेली शॅकल त्यातून सरकतील की नाही ते मला बघायचं आहे. नसतील तर मी दुसरी घेऊन शनिवारी येतो.

तुझे,
बाबा